पॅरिस ते लंडन किती अंतर? विमान 20 मिनिटांत पोचतं का?

भुसावळकर: राम राम मंडळी. मुलगा पॅरिसला नोकरीला आहे आणि पुतणी लंडनला, हॅरोला राहते. मे महिन्यात आम्ही दोघं मुलाकडे जाणार, तिथून चार दिवस पुतणीकडे जायचा विचार आहे. आता तिकीट बघतोय तर पॅरिसहून 10 ला निघायचं आणि लंडनला 10:20 ला पोचायचं असं दाखवतं, एवढं जवळ आहे का? हिचे गुडघे दुखतात म्हणून प्रवास किती होईन ते आधीच माहीत पाहिजे.

तापीकाठ: काका, सरळ रेषेत साधारण 345 किमी, म्हणजे आपल्या भुसावळ-मुंबईपेक्षाही कमीच. पण 20 मिनिटं नाही, विमानाला सव्वा तासाच्या आसपास लागतात. लंडनचं घड्याळ पॅरिसच्या एक तास मागे असतं आणि तिकिटावर दोन्हीकडची वेळ तिथली-तिथली छापतात म्हणून तसं दिसतं. येताना उलटं होईन, सव्वा तासाचे सव्वादोन दिसतील.

लेवा_पुणेकर: मी म्हणतो विमान नकाच घेऊ काका, काकूंचे गुडघे दुखतात तर नकोच. विमानतळ गावाबाहेर, दोन तास आधी जा, बॅगा द्या, उतरून परत शहरात या, सगळं मिळून पाच तास सहज जातात. त्यापेक्षा युरोस्टार रेल्वेनं जा, पॅरिसच्या गार दू नॉर स्टेशनहून लंडनच्या सेंट पँक्रसला सव्वादोन-अडीच तासात, एकदम शहराच्या मध्यात. पासपोर्ट तपासणी पॅरिसलाच होते, दोन्ही देशांची, म्हणून थोडं लवकर जावं लागतं, पण उतरल्यावर थेट बाहेर. आणि तिथूनच लंडन मेट्रोची मेट्रोपॉलिटन लाइन पकडली की हॅरोपर्यंत गाडी बदलायची गरज नाही. तिकीट मात्र आत्ताच काढा, उशीर केला की भाव फार चढतो.

तापीकाठ: आणि सगळ्यात महत्त्वाचं राहिलं! शेंगेन व्हिसावर, म्हणजे फ्रान्स धरून युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसावर, लंडनला जाता येत नाही, ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. परत पॅरिसला यायचं असेल तर शेंगेन मल्टिपल एंट्रीचाच, म्हणजे एकापेक्षा जास्त वेळा आत येता येईल असा मागा, नाहीतर तिकडेच अडकाल. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याचं हेच झालं, मुलीला भेटायचं राहूनच गेलं, फार वाईट वाटलं होतं. अजून एक, मुलासाठी घरचं तूप, पेढे नेऊ नका, भारतातून दुधाचे पदार्थ तिकडे न्यायला बंदी आहे. काळा मसाला, पापड बिनधास्त न्या.

भुसावळकर: व्हिसाचं तर डोक्यातच नव्हतं, फार उपकार झाले, आज रात्रीच मुलाला फोन करतो. रेल्वेच बरी वाटते. फक्त ही विचारते की समुद्राखालून जाते ना ती, मग किती वेळ आत राहावं लागतं, तिला कोंडल्यासारखं होतं.

लेवा_पुणेकर: बोगदा 50 किमीचा आहे, त्यातला 38 किमी समुद्राखाली, 1994 पासून चालू आहे. गाडी 20 मिनिटांत पार करते. डबा बंद, एसी, दिवे चालू, खिडकीबाहेर फक्त अंधार. काकूंना सांगा, कसारा घाटातल्या बोगद्यांसारखंच, फक्त मोठा. पाणी दिसत नाही कुठं.