लॉकिंग पिन: ३०४ की ३१६?

वर्सोव्याच्या होडीवाल्या ट्रेलरला, म्हणजे तो गाडीला जोडून कुलूप लावायला, झिंक प्लेटिंगची (जस्ताचा मुलामा दिलेली) लॉकिंग पिन चालेल, असं कुणी कुणी म्हणतं. कसली चालतेय! घालता-काढताना प्लेटिंग घासतं आणि गंज नेमका तिथूनच धरतो. खाऱ्या हवेत ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचीच पिन घ्या. त्या स्टीलमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, म्हणून मिठापुढे ती ३०४ ग्रेडच्या पिनपेक्षा चिवट. मुंबईच्या नागदेवी बाजारात कुणी चुंबक लावून दाखवलं तर भुलू नका, त्यानं या दोघींतला फरक कळत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. २ इंची रिसीव्हरला (गाडीमागची चौकोनी नळी, जिच्यात ट्रेलर जोडायचा दांडा जातो) सहसा ५/८ इंची पिन लागते, तरी भोक मोजाच.

खरी मेख कुलपात आहे. पिन चकचकीत राहते, आतली स्प्रिंग गंजते आणि पावसाळ्यात चावी फिरत नाही. रबरी टोपण हवंच. तेलाऐवजी कोरडं टेफ्लॉन (पीटीएफई) वंगण टाका, तेलाला रेती चिकटते.