मदत हवी: महालक्ष्म्यांच्या पंगतीत बहिणीला बसवायचं कसं?

धरमपेठकर: पुढच्या आठवड्यात आमच्याकडे महालक्ष्म्या. चाळीसेक माणसं जेवायला. लहान बहिणीची ट्रीटमेंट चालू आहे. आई म्हणते पंगतीत बसलीच पाहिजे, ती म्हणते खोलीबाहेरच येणार नाही. काय करू? लवकर सांगा.

विदर्भवाला: कसली ट्रीटमेंट? वय काय?

धरमपेठकर: खाण्याची. १९.

विदर्भवाला: म्हंजे खात नाही, की खाऊन उलटी काढते? फरक असते नं भाऊ.

धरमपेठकर: दुसरं. बुलिमिया. आता बरंच कमी आहे. प्रश्न पंगतीचा आहे.

नानाजी_महाल: सकाळी कोमट पाण्यात तूप द्या. आमच्या नातीला गुण आला.

बर्डीवाली: काकाजी, नातीला बुलिमिया होता का?

नानाजी_महाल: नाही, बद्धकोष्ठ.

संत्रासाल: मी यातून गेलेय. पंगत राहू द्या, आधी दिवसभराचं बघा. नैवेद्य संध्याकाळी, तोवर घरात कोणी खात नाही, बरोबर? तिला उपाशी ठेवू नका. मोठी गॅप पडली की रात्री भसाभसा खाणं आणि मग बाथरूम. नाश्ता, जेवण, मधलं खाणं वेळेवरच. देवी रागावत नाहीत, आत्याबाई रागावतात. ताट तिचं तिला वाढून घेऊ द्या, आग्रह बंद. "तब्येत भरली गं" असं कोणी म्हटलं की विषय बदला. जेवणानंतर तासभर सोबत बसा, पत्ते खेळा, काहीही.

वर्धारोड: पोटॅशियम तपासलं का? उलट्यांनी ते उतरतं, हृदयाचे ठोके बिघडतात. चक्कर, धडधड असेल तर सण होईपर्यंत थांबू नका. आणि उलटीनंतर लगेच ब्रश नको, नुसती चूळ. आम्लानं दातांचं कवच मऊ झालेलं असतं.

धरमपेठकर: मागच्या महिन्यात नॉर्मल होतं. पण आईला कोण समजावणार?

विदर्भवाला: आईलाच डॉक्टरकडे ने. रात्री-बेरात्री बोलावं वाटलं तर टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

बर्डीवाली: पुरणपोळ्यांचं काय केलं? सक्करदऱ्याला एक बाई करून देतात.

नानाजी_महाल: महालक्ष्म्यांचं पुरण बाहेरचं?

बर्डीवाली: चाळीस जणांचं कोण वाटणार, तुम्ही?

धरमपेठकर: आईला वाचून दाखवलं. सकाळचं खाणं मान्य. पण पंगतीत "एक घास तरी" म्हणते. आता?

संत्रासाल: बहिणीला विचारलं का? इथं सगळे आईचंच धरून बसले.