मदत हवी आहे : सांडपाणी केंद्राच्या वर-खाली नदीचं पाणी तपासायचंय

आम्ही ठाण्यातली काही मंडळी उल्हास नदीचं पाणी तपासतोय, बदलापूरच्या पट्ट्यात. तिथे एका छोट्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी नाल्यातून नदीत येतं. दिवसा ते बऱ्यापैकी नितळ दिसतं, पण पहाटे तोंडाशी करडा फेस आणि कुजका वास असतो. खाली जलपर्णी माजलीये. याच नदीचं पाणी पुढे शहरं पितात, म्हणून नुसत्या फोटोंवर थांबायचं नाही.

किटने विरघळलेला ऑक्सिजन मोजला. नाल्याच्या वर ठीक, खाली कमी येतो. पण किटचे आकडे कोणी ग्राह्य धरत नाही. केंद्राचे तपासणी अहवाल माहिती अधिकारात मागितले आहेत, उत्तर आलेलं नाही. आता प्रयोगशाळेतून बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप) आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म, म्हणजे मैल्यातून येणारे जिवाणू, यांची तपासणी करून घ्यायचीय (आंघोळीच्या पाण्याचा निकष बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅम, ऑक्सिजन किमान ५). नमुने बर्फात ठेवायचे, कोलिफॉर्मसाठी निर्जंतुक बाटली, हे माहीत आहे. तिथे भरती पोचत नाही. होडी नाही, काठावरूनच किंवा पुलावरून घ्यावं लागेल. खर्च वर्गणीतून, त्यामुळे मोजकेच नमुने परवडतील.

अडलंय ते इथे : नाल्याचं पाणी बराच वेळ एकाच काठाने वाहताना दिसतं. मग खालचा नमुना किती अंतरावर घ्यावा, म्हणजे पाणी नीट मिसळलेलं असेल? आणि ठाणे-नवी मुंबईत एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली, रविवारी सकाळी नमुने स्वीकारणारी प्रयोगशाळा कुणाला माहीत आहे का?