लेऑफ आला की आधी नारळ कुणाला: व्हिसावाल्याला की नागरिकाला?

रानजाई (सिअ‍ॅटल)

कंपनीला माणसं कमी करायची असतील तर एचवनवाल्यांना (म्हणजे एच-१बी या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर आलेल्यांना) आधी काढा, नागरिकांना शेवटी, अशी मागणी अमेरिकेत आता नुसते राजकारणी करत नाहीत. इथलं नागरिकत्व घेतलेले आपले मराठी लोकही उघडपणे तेच म्हणू लागलेत. मला ती अन्यायाची वाटते. शिवाय ती मान्य झाली तरी अमेरिकन इंजिनिअरच्या हाती काही लागेल असं वाटत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११,००० माणसं काढली. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२,००० आणि मायक्रोसॉफ्टने १०,००० काढायचं जाहीर केलं. अ‍ॅमेझॉनचा आकडा तर २७,००० वर गेला. २०२५ मध्ये पुन्हा तेच: मायक्रोसॉफ्टमध्ये मे आणि जुलै मिळून सुमारे १५,०००, अ‍ॅमेझॉनमध्ये ऑक्टोबरात १४,०००. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नव्या एचवन अर्जावर १ लाख डॉलर शुल्क लावलं. त्या घोषणेतला एक दाखला असा, की एका कंपनीला वर्षात ५,००० हून जास्त एचवन मंजूर झाले आणि त्याच सुमारास तिने १५,००० हून जास्त माणसं काढली.

ऐकायला भयंकर वाटतं. पण मंजूर अर्जांमध्ये आधीपासून काम करणाऱ्यांच्या मुदतवाढी असतात, कंपनी बदलून आलेल्यांचे अर्जही असतात. दहा वर्षं त्याच टीममध्ये असलेल्या माणसाचं नूतनीकरणही त्यात मोजलं जातं. त्याला "नवा परदेशी आणला" म्हणता येणार नाही.

आता माणसाकडे बघा. नागरिकाची नोकरी गेली तर त्याला बेकारी भत्ता मिळतो, वेळ मिळतो, वाटेल ते काम धरता येतं. एचवनवाल्याला जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात नवी कंपनी मिळून तिने अर्ज दाखल केला पाहिजे, नाहीतर व्हिसाचा प्रकार बदला किंवा देश सोडा. घराचा हप्ता चालू, पोरं इथे जन्मलेली म्हणजे अमेरिकन नागरिक, त्यांची शाळा अर्ध्यावर. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे, पैसे तोही प्रत्येक पगारातून भरतो. दोन्ही देशांतलं योगदान एकत्र धरणारा भारत-अमेरिका करार नाही, त्यामुळे दहा वर्षांचं योगदान पुरं होण्याआधी निघावं लागलं तर त्याचं पेन्शन नाही. आणि कंपनीचं चुकलेलं गणित निस्तरायला पहिला बळी यालाच द्यायचा? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

जुनाजाणता (सनीवेल)

रानजाई, तुमची कळकळ पोचली, पण पूर्ण असहमत.

२००१ च्या डॉटकॉम पडझडीत मी एचवनवर होतो. तेव्हा ६० दिवस सोडा, नियमात एक दिवसाचीही सवलत नव्हती. ती जानेवारी २०१७ पासून आली. मित्र सामान विकून परत गेले. तरीही "अमेरिकनाला काढा, मला ठेवा" असं म्हणण्याचा हक्क मला आहे असं कधी वाटलं नाही. मी पाहुणा होतो, करारावर सही करून आलो होतो. एचवन हा तात्पुरता व्हिसा आहे आणि तो ज्या कारणासाठी दिला जातो ते कारण म्हणजे इथे माणसांची चणचण. कंपनी हजारोंनी माणसं काढते तेव्हा चणचण संपली हे ती स्वतःच जाहीर करते. मग त्याच कामावर तात्पुरता माणूस राहतो आणि नागरिक घरी जातो, हे कुठल्या न्यायात बसतं?

गेल्या लाटेत माझी नोकरी गेली. वय पन्नाशीच्या पुढे. ज्या टीममधून मला काढलं तिथे माझ्याहून कमी पगारातले, व्हिसाला बांधलेले तरुण राहिले. त्या पोरांवर माझा राग नाही. ती रात्री अकरालाही मीटिंगला हो म्हणतात, कारण नाही म्हणायची त्यांची सोय नाही. मॅनेजरला असा माणूस आवडणारच! तुमचे ते ६० दिवस मालकाच्या हातातला चाबूक आहेत, आणि त्याचा वळ माझ्या पाठीवरही उठतो.

पगाराचंही सांगतो. एचवनला "प्रचलित वेतन" द्यावं लागतं असं सगळे म्हणतात. त्याच्या चार पातळ्या असतात. पहिली त्या भागातल्या त्या कामाच्या वेतनक्रमात १७ व्या शतमकावर (म्हणजे शंभरातल्या सतराजणांचाच पगार त्याहून कमी), दुसरी ३४ व्या. म्हणजे पहिल्या दोन्ही पातळ्या मधल्या पगाराच्या खाली, आणि हे सगळं कायदेशीर.

भीमाकाठ

महाराष्ट्रात स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या द्या म्हणून मोर्चे काढायचे आणि अमेरिकेत पोचलं की गुणवत्तेची भाषा करायची, हे मला पटत नाही. जुनाजाणतांशी सहमत.

रानजाई

भीमाकाठ, मी तो मोर्चा काढलेला नाही. हरियाणाने खासगी कंपन्यांत ७५ टक्के स्थानिकांचा कायदा केला होता, तो नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने रद्द केला. मला तो निकाल योग्यच वाटला.

जुनाजाणता

तो निकाल माझ्या बाजूचा आहे. एकाच देशाच्या नागरिकांत राज्यावरून भेद नको, असं न्यायालय म्हणालं. नागरिक आणि परदेशी यांच्यात भेद नको असं ते म्हणालेलं नाही.

कलमदान (न्यू जर्सी)

दोघांच्या बोलण्यात कायदा निसटतोय, म्हणून लिहितो. इमिग्रेशन कायद्यानुसार कामावर घेताना किंवा काढताना नागरिकत्वावरून भेदभाव करायला बंदी आहे, पण ते संरक्षण नागरिक, अलीकडचे ग्रीनकार्डधारक, निर्वासित अशांना आहे. एचवनवाल्याला त्या कलमाचं संरक्षण नाही. म्हणजे व्हिसावाला ठेवायचा म्हणून नागरिकाला काढलं तर कंपनी अडचणीत येते. उलट केलं तर या कलमाखाली तक्रार उभी राहत नाही. मात्र "भारतीयांना काढा" म्हणून यादी केली तर १९६४ चा नागरी हक्क कायदा लागतो, आणि तो सगळ्यांना लागू आहे. व्हिसावरून केलेली यादी प्रत्यक्षात भारतीयांचीच होण्याचा धोका मोठा, कारण मंजूर एचवनांपैकी ७० टक्क्यांच्या वर आपलेच लोक आहेत.

न्याय खात्याने कारवाई केल्याचे दाखलेही आहेत. ग्रीनकार्डच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे पर्ममध्ये, कंपनीला जाहिरात देऊन स्थानिक उमेदवार आहे का ते तपासावं लागतं. फेसबुकने त्या जागा आपल्या नेहमीच्या भरतीच्या पानावर टाकल्याच नाहीत आणि अर्ज टपालाने मागवले, असा आरोप होता. २०२१ मध्ये १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरपर्यंतची तडजोड झाली. अ‍ॅपलवरही तशाच पद्धतीचा ठपका आला आणि २०२३ मध्ये अडीच कोटी डॉलरवर मिटलं. या कंपन्यांच्या ताळेबंदात या रकमा दिसणारही नाहीत.

जुनाजाणता

आभार, कलमदान. ऑर्लँडोच्या डिस्नेचं प्रकरणही यात धरा. २०१४ च्या अखेरीस सुमारे अडीचशे आयटी कर्मचाऱ्यांना सांगितलं गेलं की तुमची नोकरी जाणार, आणि जाण्याआधी तुमच्या जागी येणाऱ्यांना काम शिकवा. येणारे बरेचसे भारतातून, आउटसोर्सिंग कंपन्यांमार्फत व्हिसावर आलेले. कायद्यात नागरिकाला विस्थापित न करण्याचं बंधन आहे, पण ते मुख्यतः एचवनवर जास्त अवलंबून असलेल्या कंपन्यांना. आणि त्यांनाही वर्षाला ६०,००० डॉलर पगार किंवा मास्टर्स डिग्री दाखवली की त्यातून सूट. ही ६०,००० ची रेघ १९९८ ची आहे. आजपर्यंत बदललेली नाही. या देशात आज ६०,००० मध्ये इंजिनिअर मिळतो का सांगा!

धुकं (ऑस्टिन)

मी नेहमी फक्त वाचतो, पण आज लिहितो, कारण इथे सगळे एचवनवाल्याविषयी बोलताहेत आणि तो मी आहे.

माझं एचवनचं पाचवं वर्ष. कपात झाली, मी वाचलो, पण कंपनीने पर्म थांबवलं. कारण साधं. कपातीनंतर सहा महिने त्याच भागातल्या, त्याच प्रकारच्या कामावरच्या काढलेल्या माणसांना कळवून त्यांचा विचार करावा लागतो. अर्थात कंपनीला कुणी पात्र स्थानिक नाही हे सिद्ध करता येत नाही. एचवन सहा वर्षांचा. पर्मचा अर्ज सहावं वर्ष संपायच्या किमान वर्षभर आधी पडला असेल तर एकेक वर्षाची वाढ मिळते. माझ्याकडे त्याला काही महिने उरलेत.

जुनाजाणता काका, तुमच्या बोलण्यातलं एक मला शंभर टक्के मान्य आहे. रात्रीच्या मीटिंगला मी नाही म्हणू शकत नाही. पण उपाय म्हणून मलाच आधी काढा, हे कसं? मी इथे मास्टर्स केलं, सगळा कर भरला, एचवनची लॉटरी लागली म्हणून राहिलो. माझ्याबरोबरीचा स्वीडनचा मुलगा ग्रीनकार्ड घेऊन मोकळा झाला. ग्रीनकार्डांत एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणून आपली रांग दशकांची. तुम्ही ज्याला तात्पुरता म्हणता त्याला तात्पुरतं ठेवलंय या मर्यादेने, त्याच्या मर्जीने नाही.

खराडीकर

पुण्याहून लिहितोय. तिकडे नागरिकांना आधी ठेवायची सक्ती केली तर ते काम तिथल्या नागरिकाकडे जाईल हे गृहीत कशावरून? माझ्या टीमचं अर्धं काम दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत होतं. आता ते खराडीत आणि हैदराबादेत आहे, निम्म्याहून कमी खर्चात. त्या कामाला कुणाचाच व्हिसा लागत नाही. आणि इथे असल्याने सुरक्षित असंही नाही. टीसीएसने २०२५ मध्ये १२,००० च्या वर माणसं कमी करायचं जाहीर केलं तेव्हा इथे घराघरांत काय वातावरण होतं ते विचारा.

जुनाजाणता

धुकं, तुमच्याशी भांडण नाही. ७ टक्क्यांची मर्यादा काढावी असं मी मतदार म्हणून माझ्या प्रतिनिधीला लिहिलेलं आहे, पुन्हा लिहीन. पण रांग लांब आहे म्हणून नागरिकाने आपली खुर्ची सोडावी हा त्यातून निघणारा निष्कर्ष नाही. पन्नाशीनंतर नोकरी गेलेल्या माणसाला पुन्हा कुणी उभं करत नाही. त्याला परत जायला दुसरा देशही नाही. भत्ता मिळतो म्हणता, तो सहा महिन्यांत संपतो.

मी एवढंच मागतो. ज्या पदावर कपात केली त्या पदासाठी त्या कंपनीला वर्षभर एकही एचवन अर्ज करता येऊ नये. ६०,००० ची रेघ आजच्या पगारांच्या बरोबरीला आणावी. आणि टीममध्ये सारख्या कामगिरीचे दोघे असतील तर नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला राहावा.

रानजाई

६०,००० च्या रेघेबद्दल वाद नाही, ती उद्याच बदलावी. पहिल्या मागणीत मात्र नव्याने आणायचा माणूस आणि कंपनी बदलणारा माणूस यांत फरक करा. दुसऱ्या कंपनीतून लेऑफ झालेला एचवनवाला अशाच अर्जावर ६० दिवसांत जागा शोधतो. तो दरवाजा बंद केला तर धुकंसारखी माणसं मालकाला अधिकच घट्ट बांधली जातील आणि तुम्ही म्हणता तो चाबूक आणखी लांब होईल. ६० चे १८० दिवस करा, मालक बदलणं सोपं करा. ज्याला नाही म्हणता येतं तो कमी पगारात राबत नाही, आणि मग त्याला ठेवून तुम्हाला काढण्यात मॅनेजरचा फायदा उरत नाही.

तिसरी मागणी मला मान्य नाही. सारखी कामगिरी कुणाची हे ठरवणार तोच मॅनेजर, ज्याने तुम्हाला काढलं.

जुनाजाणता

१८० दिवस चालतील. कंपनी बदलणाऱ्याला सूट मात्र नाही. कपात केलेल्या जागेवर बाहेरून कुणीही आला तरी ती जागा भरतेच, आणि ती आधी ज्यांना काढलं त्यांना विचारली गेली पाहिजे. तिसऱ्या मागणीवरूनही मी हटणार नाही.

कलमदान

धुकं, एक कामाचं. पर्मचं थांबणं प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, आणि सहा महिन्यांची अट त्या भागातल्या त्या प्रकारच्या कामापुरती आहे. दुसरी कंपनी शोधत असाल तर मुलाखतीतच विचारा: तुमच्याकडे या पदावर कपात कधी झाली, आणि पर्म कधी सुरू कराल. तारीख लेखी घ्या. वकील कंपनीचा नको, स्वतःचा गाठा.