डोळ्यापुढची काळी रेघ ल्युटिनने जाईल का?

प्रश्न: वय ५४, शिवणकाम करते. पांढऱ्या कापडावर टीप घालताना उजव्या डोळ्यापुढे केसासारखी रेघ सरकते. नणंदेच्या सांगण्यावरून महिनाभर ल्युटिनच्या (डोळ्यांसाठीचं पूरक) गोळ्या घेतल्या, फरक नाही. चालू ठेवू का?

उत्तर: ताई, ल्युटिन १० मिग्रॅ आणि त्याच्याच जातीचं झियाझँथिन २ मिग्रॅ हे प्रमाण डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिना) मध्यभागाच्या झिजेसाठी अभ्यासलेलं. तुमची रेघ वेगळी. वयानं डोळ्यातला जेल पातळ होतो, त्यातल्या धाग्यांच्या गुठळ्यांची सावली पडद्यावर पडते.

उत्तर: आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्या. माझ्या वडिलांना वीज चमकल्यासारखं दिसलं, मग काजळी उडावी तसे ठिपके. पडद्याला भोक होतं. त्याच दिवशी लेझर केलं म्हणून नजर वाचली.

प्रश्नकर्ती: चमक मलाही काल रात्री दिसली, लिहायचं राहिलं. उद्या जाते.

उत्तर: उद्या नको ताई, आत्ताच निघा. सोबत कुणाला तरी न्या, थेंबांनी काही तास धूसर दिसतं.