खरेदीदाराच्या क्वालिटी अ‍ॅनेक्शरवर सही करू का? (टेरी टॉवेल, निर्यात)

टॉवेल_अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे, आजोबांपासूनचा. जर्मनीच्या एका खरेदीदाराची ऑर्डर मुंबईच्या बाइंग एजन्सीमार्फत आली आहे. पूर्वी दोन पानी पीओ (खरेदीची ऑर्डर) यायचा. आता त्याच्यासोबत जाडजूड क्वालिटी अ‍ॅनेक्शर (दर्जाच्या अटींची पुरवणी) आलंय. जिथे अडलो त्या ओळी मराठीत उतरवून देतो:

वजन ५०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), फरक अधिक-उणे ५ टक्के. जीएसएम कंट्रोल लिमिटच्या आत असावा, बाहेरचा माल सदोष धरला जाईल. एक्यूएल (नमुने तपासून लॉट पास-नापास करायची दर्जा-पातळी) २.५. पीएच ४.० ते ७.५. माल अ‍ॅझो-फ्री (बंदी असलेले अ‍ॅझो रंग नसलेला) व एनपीई-फ्री (एनपीई हे धुण्याच्या साबणी रसायनांतलं एक द्रव्य). चाचणी खरेदीदाराच्या मॅन्युअलच्या चालू आवृत्तीनुसार किंवा समकक्ष पद्धतीने.

विचारायचं कारण असं की मागच्या एप्रिलमध्ये दुसऱ्या एका ऑर्डरला इन्स्पेक्टरने आमच्या गोडाऊनमध्येच काटा लावला. ५०० चा टॉवेल ४७२ भरला, माल अडकला. तोच माल मुंबईच्या लॅबने ४८६ दाखवला. दोन्ही काटे बरोबर होते. मग खरं वजन कोणतं? यावेळी सही करण्याआधी काय बदलून मागू?

बॉबिनभाऊ

सही कर की बे. सगळेच करतात. ते अ‍ॅनेक्शर कुणी वाचत नाही, ना ते ना आपण. माल चांगला दे, बाकी एजन्सीवाला सांभाळतो.

लॅबकाकू

प्रोसेस हाऊसच्या लॅबमध्ये अख्खी नोकरी झाली, आता घरी असते, त्यामुळे लांबड लावायला वेळ आहे. बॉबिनभाऊ, सही सगळेच करतात हे खरं. पण डेबिट नोट (पैसे कापल्याचा कागद) आली की सगळे मिळून वर्गणी काढत नाहीत. आणि ते अ‍ॅनेक्शर एरवी कुणी वाचत नाही, भांडण लागलं की मात्र ओळन्‌ओळ वाचतात.

बाळा, आधी तुझं वजन. कापूस हवेतली ओल पितो. व्यापारात कापसाचा ओलावा साडेआठ टक्के धरतात, म्हणजे पूर्ण सुकवलेल्या १०० ग्रॅमवर साडेआठ ग्रॅम पाणी. एप्रिलच्या दुपारी आपल्या गावात पत्र्याखालच्या गोडाऊनमध्ये एवढी ओल कुठून राहणार? पाच टक्के धर. म्हणजे साडेआठ टक्के ओलाव्याला जो टॉवेल ५०० भरेल तोच तिथे ४८४ भरतो. टॉवेलचा एक धागासुद्धा कमी झालेला नाही. तुझे ४७२ आणि ४८६ याच हिशेबात बसतात. एक खालच्या मर्यादेच्या, म्हणजे ४७५ च्या, बाहेर आणि दुसरा आत.

लॅबमध्ये माल आधी ठरलेल्या हवेत वजन स्थिर होईपर्यंत ठेवतात आणि मग तोलतात. आयएसओ १३९ प्रमाणे ती हवा २० अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रतेची. आपल्याकडे उष्ण प्रदेश म्हणून २७ अंशांवरही चालतं, आर्द्रता मात्र तीच ६५. तुझ्या करारात ‘५०० जीएसएम’ आहे पण कोणत्या हवेतलं ते नाही, म्हणून इन्स्पेक्टर जिथे काटा ठेवेल तीच व्याख्या झाली. तेव्हा लिहून घे: वजन आयएसओ १३९ च्या हवेत कंडिशन केलेल्या नमुन्याचं, गोडाऊनमधलं वजन फक्त अंदाजासाठी, त्यावर माल नाकारता येणार नाही. आणि अधिक-उणे ५ टक्के हे एकेका टॉवेलला की नमुन्यांच्या सरासरीला, तेही.

आता ती कंट्रोल लिमिटवाली ओळ. सगळ्यात घातक तीच आहे आणि तुला ती साधी वाटली असेल. खरेदीदाराने दिलेली मर्यादा म्हणजे स्पेसिफिकेशन लिमिट, तुझ्या बाबतीत ४७५ ते ५२५. कंट्रोल लिमिट खरेदीदार देत नाही, ती तुझ्याच लूमच्या आकड्यांतून निघते. वॉल्टर शूहार्टने १९२४ मध्ये कंट्रोल चार्ट मांडला तो प्रक्रियेत काही बिघडलंय का हे वेळीच कळावं म्हणून, माल पास-नापास करायला नाही. समज, तुझी सरासरी ४९८ आणि स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसरट (सिग्मा), ४ आहे. तीन सिग्मा म्हणजे त्याच्या तिप्पट, खाली-वर १२. कंट्रोल लिमिट झाल्या ४८६ ते ५१०. आता ५१२ चा एक टॉवेल निघाला. चार्ट म्हणतो, लूमकडे जाऊन बघ, पाइलचं, म्हणजे टॉवेलच्या लूपांच्या धाग्यांचं, टेन्शन हललंय का. टॉवेल मात्र ५२५ च्या आत आहे, बाजारात चांगला आहे. तुझं अ‍ॅनेक्शर त्याला सदोष म्हणतं. आणि गंमत बघ, ज्याची लूम जास्त नेटकी चालते त्याच्या लिमिट जास्त जवळ येतात, म्हणजे चांगल्या कारखान्याचाच माल जास्त नाकारला जाणार! हे ज्याने लिहिलं त्याने दोन वेगळ्या ठिकाणच्या ओळी एकत्र चिकटवल्या आहेत असं माझं मत. सदोष ठरवायला स्पेसिफिकेशन लिमिट, आणि कंट्रोल लिमिटच्या बाहेर गेलं तर कारण शोधून नोंद ठेवायची, असं वेगळं करून घे.

पीएचचं सांगते, कारण यात डाईंग मास्तर आणि लॅब यांची भांडणं मी आयुष्यभर ऐकली. ब्लीचिंग होतं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि कॉस्टिकवर. मग धुणं, उरलेलं कॉस्टिक अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडने मारणं, सॉफ्टनर. मास्तर शेवटच्या बाथमध्ये पीएचची पट्टी बुडवतो, पट्टी सातचा रंग दाखवते, रजिस्टरमध्ये ‘७’. तो खोटं लिहीत नाही. पण जाड पाइलच्या आत कॉस्टिक दडून बसलेलं असतं, ते पाच मिनिटांच्या बाथमध्ये बाहेर येत नाही. लॅबची पद्धत आयएसओ ३०७१: टॉवेलचे बारीक तुकडे करून त्यातले २ ग्रॅम १०० मिलिलिटर द्रावणात दोन तास हलवायचे आणि मग त्या अर्काचा पीएच मोजायचा. तिथे तोच टॉवेल ८.३ दाखवू शकतो. करारात नुसतं ‘पीएच ४.० ते ७.५’ असेल तर तू बाथचा कागद दाखवशील, तो अर्काचा रिपोर्ट दाखवेल, आणि पैसे त्याच्या हातात असतात. अर्क पाण्यात काढायचा की पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात, हेही ठरवून टाक, कारण आयएसओत दोन्हींना मुभा आहे आणि आकडा थोडा हलतो.

एक्यूएल २.५ चा अर्थ ‘शंभरात अडीच खराब चालतील’ असा नाही, तशी परवानगी समजू नकोस. ५,००० टॉवेलचा लॉट, तपासणीची जनरल लेव्हल दोन, तर आयएसओ २८५९-१ च्या तक्त्यात २०० नग तपासायचे. १० पर्यंत खराब निघाले तर लॉट पास, ११ ला नापास. अ‍ॅनेक्शरमध्ये लेव्हल लिहिलेली नाही. सुटलेला लूप मेजर की मायनर हेही नाही. क्रिटिकल, मेजर, मायनरची यादी फोटोंसह मागून घे, नाहीतर ते इन्स्पेक्टरच्या मूडवर जाईल.

‘फ्री’ बद्दल कायदा कराराहून जास्त नेटका आहे. युरोपच्या रीच या रसायनांवरच्या नियमात अ‍ॅझो डाईची बंदी यादीतल्या अ‍ॅरोमॅटिक अमाइन्सवर आहे, आणि ती ‘आढळली’ असं कधी म्हणायचं ते तिथेच लिहिलंय: ३० मिलिग्रॅम प्रति किलोच्या वर. टॉवेल नाव घेऊन यादीत आहेत. एनपीईची मर्यादा वजनाच्या ०.०१ टक्का, ३ फेब्रुवारी २०२१ पासून लागू, आणि ती अख्ख्या टॉवेलला तशी त्याच्या प्रत्येक भागालाही. म्हणजे बॉर्डरचं रंगीत सूत आणि विकत आणलेलं लेबलसुद्धा. करारात नुसतं ‘फ्री’ असेल तर शून्य असा अर्थ काढायला वाव राहतो, आणि शून्य कुठलंच यंत्र मोजत नाही. आकडा आणि पद्धत दोन्ही लिही, अ‍ॅझोसाठी आयएसओ १४३६२-१. ओइको-टेक्सचं (कापडातली घातक रसायनं तपासणारं) सर्टिफिकेट मागितलं असेल तर मात्र लक्षात ठेव, त्यांची अमाइनची मर्यादा २० आहे, कायद्यापेक्षा कडक.

वकील_पार्कचौक

काकूंनी तांत्रिक बाजू संपवलीच आहे, मी कायद्याचं थोडक्यात. करार कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे ते शेवटच्या पानावर बघा. जर्मन कायदा लिहिला असेल आणि आंतरराष्ट्रीय मालविक्रीचा संयुक्त राष्ट्रांचा करार, म्हणजे सीआयएसजी, स्पष्टपणे वगळला नसेल, तर तोही लागू होतो, भारत त्यात नसला तरी. त्यात खरेदीदाराने माल शक्य तितक्या लवकर तपासायचा आणि दोष वाजवी मुदतीत कळवायचा असतो, कमाल मर्यादा दोन वर्षं. ‘वाजवी’वर वाद नको असेल तर ‘माल पोचल्यापासून अमुक दिवस’ असं लिहून घ्या. भारतीय कायदा असेल तर १९३० चा मालविक्री कायदा, कलम १५: नमुना आणि वर्णन दोन्ही दिलं असेल तर माल दोन्हींना जुळायला हवा. सील केलेला नमुना पास झाला म्हणून अ‍ॅनेक्शरमधून सुटका होत नाही.

आणि पीओ, अ‍ॅनेक्शर, मॅन्युअल यांत विसंगती आली तर कोणता कागद वरचढ, ही ओळ टाकून घ्या. बहुतेक भांडणं तिथेच मिटतात.

टॉवेल_अक्कलकोटरोड

काकू, वकीलसाहेब, खूप आभार. एजन्सीला फोन केला. वजन, पीएचची पद्धत आणि ‘फ्री’चे आकडे लगेच मान्य. कंट्रोल लिमिटची ओळ वाचून त्यांचा माणूसच म्हणाला, ही आमच्याकडे दुसऱ्या टेम्पलेटमधून आली असावी. मॅन्युअलला मात्र तारीख घालायला तयार नाहीत. म्हणतात, चालू आवृत्ती म्हणजे चालू आवृत्ती, सगळ्या सप्लायरना एकच नियम. ‘समकक्ष’ पण तसंच ठेवा म्हणतात, तुमच्याच सोयीचं आहे.

लॅबकाकू

‘समकक्ष’ तुझ्या सोयीचं तेव्हा, जेव्हा ते कोण ठरवणार हे लिहिलेलं असेल. ‘खरेदीदाराने ऑर्डरपूर्वी लेखी मान्य केलेली’ एवढे शब्द पुढे जोड, ते नाही म्हणणार नाहीत.

तारखेवर अडून बसू नको. तारीख नसलेला संदर्भ म्हणजे नेहमी सर्वात नवी आवृत्ती, हे मानकांच्या जगात रूढच आहे, त्यामुळे ते हटणार नाहीत. त्याऐवजी असं माग: मॅन्युअल बदललं तर लेखी कळवायचं, आणि बदल त्या तारखेनंतरच्या पीओला लागू. सूत रंगून लूमवर चढल्यावर कुणी फास्टनेसचा (रंग पक्का असण्याचा) ग्रेड ३-४ चा ४ केला तर तू काय, परत डाईहाऊसला पाठवणार? यालाही नाही म्हणाले तर आज जी आवृत्ती आहे तिची पीडीएफ मेलने मागवून ठेव, ‘या ऑर्डरसाठी हीच’ असं मेलमध्ये लिहून. उत्तर नाही आलं तरी तुझा मेल राहतो. वकीलसाहेब, एवढं चालेल ना?

वकील_पार्कचौक

करारातली ओळ जास्त बरी. पण काहीच नसण्यापेक्षा मेल चालेल. पीओ नंबर विषयात टाका आणि एजन्सीबरोबर खरेदीदारालाही सीसी करा, नुसता एजन्सीला नको.