चर्चा: शंका घेतली की आकाशाचं नवल संपतं का?

येऊरचा_वारा (ठाणे)
शंका घेणाऱ्याला कशाचंच नवल वाटत नाही, सगळं कोरडं होऊन जातं, असं बरेच जण बोलतात आणि मला ते अजिबात पटत नाही. परवा सोसायटीच्या गच्चीवर आकाशदर्शन होतं, घोडबंदरच्या उजेडात दिसतं ते किती, पण सप्तर्षी दिसले. त्यातली वसिष्ठ-अरुंधती ही चिकटून दिसणारी ताऱ्यांची जोडी दाखवल्यावर एका मुलीने विचारलं, हे खरंच जवळ आहेत की नुसते तसे दिसतायत? तर एक काका म्हणाले, श्रद्धेच्या गोष्टीत फाटे फोडू नयेत. अहो, प्रश्न एक नंबर होता! वसिष्ठ साधारण ८० प्रकाशवर्षं लांब. दुर्बिणीतून बघितलं तर तो एक नाही, दोन तारे. मग १८८९ च्या सुमारास त्यातल्या एकाच्या वर्णपटातल्या (त्याचा प्रकाश रंगारंगांत फोडला की दिसणाऱ्या पट्ट्यातल्या) रेषा ठरावीक दिवसांनी दुभंगतात हे लक्षात आलं, म्हणजे तो एकटापण जोडीच निघाला, पुढे दुसराही जोडी निघाला, आणि २००९ मध्ये अरुंधतीलाही एक मंद सोबती सापडला. लग्नात आपण नवरा-नवरीला जे दोन ठिपके दाखवतो ते सहा तारे आहेत, आणि ते आकाशात एकाच दिशेने सोबत चाललेत. कोणीतरी "खरंच का" विचारत राहिलं म्हणून हे कळलं ना?

सीवूड्सची_स्मिता
सहा आहेत हे छानच, पण मुळात वर बघायची सवय लावली कोणी? माझ्या सासूबाई शाळेत फार शिकल्या नव्हत्या पण मृग कधी लागतो, आर्द्रा कधी हे त्यांना तोंडपाठ, आणि आता पोरांना ॲप उघडल्याशिवाय शुक्र ओळखता येत नाही. विज्ञान सांगतं तू धुळीचा कण आहेस. बरं मग? घरात माणूस गेलं तेव्हा मला त्या वर्णपटाने आधार नाही दिला. काकांचं चुकलं असेल, पण श्रद्धा म्हणजे अडाणीपणा हा सूर नको.

खारघर_टेकडी
ताई, परंपरेतही शंका घेणारे होतेच की. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हटलं, ब्रह्मगुप्ताने त्यावर सडकून टीका केली. आपल्या रायगडातलंच घ्या ना, मुरुडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ, १५२० च्या सुमारास ग्रहलाघव हा ग्रहगणिताचा ग्रंथ लिहिला. जुन्या ग्रंथातलं गणित आणि डोळ्याला दिसणारा ग्रह जुळेना तेव्हा त्यांनी गणित सुधारलं, ग्रहाला दोष नाही दिला. आपली पंचांगं कितीतरी वर्षं त्याच गणितावर चालली.

विटाव्याचा_विनू
मी उलट बाजूने बोलतो. तुम्ही विज्ञानवाले पण विश्वासच ठेवता. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरांना शेवटपर्यंत बिग बँग (विश्व एका महास्फोटातून सुरू झालं हे म्हणणं) पटला नाही, एवढा मोठा माणूस! मग तुम्ही कशाच्या जोरावर छातीठोक सांगता? स्वतः काय तपासलंय?

येऊरचा_वारा (ठाणे)
विनू, त्यांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे रे. त्यांनी नुसतं "पटत नाही" म्हटलं नाही, फ्रेड हॉइल या शास्त्रज्ञासोबत पर्यायी गणित मांडलं, म्हणजे ते खोटं ठरायची सोय ठेवली. १९६५ मध्ये आकाशात सगळीकडून येणारं मंद सूक्ष्मलहरी प्रारण सापडलं, म्हणजे त्या तापलेल्या सुरुवातीची उरलेली ऊब, आणि बहुतेक शास्त्रज्ञ बिग बँगकडे गेले, तरी सर आपलं म्हणणं सुधारत राहिले, आणि यासाठी त्यांना कोणी वाळीत टाकलं नाही. हाच माणूस २००८ मध्ये दाभोलकर वगैरेंसोबत ज्योतिषाची चाचणी घेतो, हुशार आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० पत्रिका, कुठली कोणाची ते ओळखायचं, २७ ज्योतिषांची उत्तरं आली, बरोबर निघाली ४६ टक्के, छापा-काटा केला तरी पन्नासच्या आसपास येतात. दोन्हीकडे माप एकच लावलं.

सीवूड्सची_स्मिता
ज्योतिषाचं मी काढलंच नव्हतं, तुम्ही लोक लगेच तिकडे वळता. मी आधाराचं विचारलं, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

येऊरचा_वारा (ठाणे)
खरंय ताई. आधाराचं काम विज्ञान करतं असा माझा दावा नाही, त्याला माणसंच लागतात. पण "धुळीचा कण" एवढंच विज्ञान सांगतं हे मान्य नाही. आपल्या रक्तातलं लोह ताऱ्यांमध्ये तयार झालंय, हे कळल्यावर मला तरी लहान वाटत नाही, नातं लागतं असं वाटतं.

खारघर_टेकडी
विनूसाठी, स्वतः तपासायचं असेल तर मे महिन्याच्या मध्यावर ठाण्यात सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, दुपारी १२.३५ च्या आसपास उभ्या काठीची सावली गायब. त्याच दिवशी भोपाळच्या ओळखीच्या माणसाला तिथल्या मध्यान्हीला एक मीटरच्या काठीची सावली मोजायला सांग, ७ सेंमीच्या आसपास येईल, म्हणजे कोन ४ अंश. दोन गावांचं उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४५० किमी, पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं म्हणजे ४ च्या ९० पट, म्हणून त्याला ९० ने गुण, पृथ्वीचा घेर हातात. कोणावर विश्वास ठेवायची गरज नाही.

विटाव्याचा_विनू
भोपाळला मावसभाऊ आहे, करून बघतो. नेमके ढग आले तर?

खारघर_टेकडी
जुलैच्या शेवटी परत येतो तो दिवस, पण तेव्हा इकडे धो धो पाऊस असतो. मेचाच धर.